पाठीवरच्या तीन रेघा

काचेखालच्या पेशी एव्हाना मरायला पाहिजे होत्या, आणि त्या मरत नव्हत्या.

तनुजा लातूरच्या एका संशोधन केंद्रात कामाला होती. माणसाच्या अंगात रक्तवाहिन्या कशा तयार होतात, कशा फुटतात आणि फुटल्यावर स्वतःला कशा सांधतात, हे शोधायचं तिचं काम. त्या कामाला नाळ लागते. बाळंतपण झालं की नाळ कापतात. तिच्यातली मोठी शीर धुवायची, आतल्या अस्तराच्या पेशी सोडवून घ्यायच्या आणि गुलाबी पाण्यात, अंगाएवढ्या उबेत वाढवायच्या. मऊ थरावर सोडल्या की त्या संध्याकाळपर्यंत एकमेकींचा हात धरतात आणि शिरांचं बारीक जाळं तयार होतं. दुसऱ्या दिवशी ते तुटतं. तुटणारच, ना आईच्या अंगात ना लेकराच्या, प्लास्टिकच्या थाळीत कोण किती जगणार? काही पिढ्या गेल्या की पेशी म्हाताऱ्या होतात, फुगतात आणि तळ सोडून तरंगायला लागतात.

नागम्माच्या नाळेतल्या पेशी म्हाताऱ्या होईनात.

केंद्रात त्यांना नंबर होता. नाव फक्त तनुजाला माहीत होतं. ती रोज सकाळी थाळी बाहेर काढायची आणि बारीक नळीच्या टोकानं पेशींच्या थरावर तीन सरळ रेघा ओढायची. जखम करायची आणि ती किती वेळात भरते ते मोजायचं, ही त्या धंद्यातली साधी रीत. बाकीच्या नाळांना भरायला अख्खा दिवस लागायचा. ही थाळी मायक्रोस्कोपखाली सरकवेपर्यंत रेघांच्या कडा जवळ आलेल्या असायच्या. चहा पिऊन यावं तर रेघ होती कुठं तेच सापडायचं नाही.

पण तिला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. जखम भरते तेव्हा एक तर शेजारच्या पेशी सरकून येतात, मग शेजार विरळ होतो. नाही तर नव्या पेशी जन्मतात, त्या दिसतात. इथं शेजार विरळ होत नव्हता आणि काही जन्मतही नव्हतं. तरी जागा भरत होती. म्हणजे भरणारं कुठून तरी येत होतं, आणि ते थाळीतलं नव्हतं.

तिनं हे केंद्राचे प्रमुख डॉ. रेणुकादास यांना सांगितलं. ते शुद्ध बोलणारे, आवाज न चढवता माणसाला गप्प करणारे गृहस्थ. कशामुळे हा प्रश्न नंतर विचारता येईल, आधी पुन्हा करून दाखव, असं ते म्हणाले. तिनं पुन्हा करून दाखवलं. मग रोज करत राहिली.

ही नाळ तिनं कशी आणली ते सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच नासलं.

तनुजा हिमायतनगरकडची, शेतकऱ्याची पोर. लातूरला आल्यावर गावची बोली तिनं गुंडाळून ठेवली होती. नांदेडच्या दवाखान्यात नाळा गोळा करायला गेली की मात्र ती बोली बाहेर काढायची, कारण त्या बोलीत मागितलं की बाळंतिणी नाही म्हणत नव्हत्या. बाकीच्या कागदांबरोबर नाळ द्यायच्या संमतीचा हाही एक कागद पुढं सरकायचा, अंगठा उमटायचा, झालं. पोटात कळा सुरू असताना कोण वाचत बसतंय?

नागम्मा देगलूरकडची, पहिलटकरीण. पोरगं झालं, चांगलं टणटणीत. नाळ अशी निघाली की तनुजानं तशी पाहिली नव्हती: लांब, जाड, कुठं पीळ नाही की डाग नाही. टीचभर पुरली असती. तिनं अख्खी घेतली.

बाहेर नागम्माची सासू गुरम्मा नवं मडकं घेऊन उभी होती. वार पाहिजे आणि नाळही पाहिजे, दोन्ही घरी नेऊन अंगणात पुरायची, तिचं एवढंच म्हणणं होतं. वार तिच्या हातात दिली होती. नाळ तनुजाच्या डब्यात बंद होती.

पुण्यामुंबईची एखादी असती तर दवाखान्याचा नियम सांगून मोकळी झाली असती. म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या, एसटीत बसून रडली असती आणि गोष्ट तिथं संपली असती. तनुजाला नाही म्हणता येईना. तिची स्वतःची नाळ गावाकडं गोठ्यामागं पुरलेली होती आणि पाहुणे आले की तिची आई अजून ती जागा दाखवायची. रिकाम्या मडक्यानं घरी जाणं म्हणजे काय हे तिला कळत होतं. त्याच सकाळी शेजारच्या टेबलावर किनवटकडच्या एका बाईचं लेकरू मेलेलं जन्मलं होतं. त्याची माणसं तो जीव फडक्यात गुंडाळून निघून गेली होती आणि त्याची नाळ ट्रेमध्ये तशीच पडली होती. तनुजानं तिचा तुकडा कापला, पुसला आणि गुरम्माच्या मडक्यात घातला.

गुरम्मानं तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

तिनं फसवलं ते दुष्टाव्यानं नव्हे, म्हातारीचं मन राखायला. असल्या मायेला जोड्यानं मारलं पाहिजे.

पुढं काही महिन्यांनी नांदेडहून फोन आला. करणारी प्रेमला, त्या दवाखान्यातली सिस्टर आणि तनुजाची मैत्रीण. देगलूरच्या त्या बाळंतिणीचं पोरगं, सत्यम नाव ठेवलंय, ते परत भरती झालंय, पाठीवर निळे वळ आहेत, आणि आईबापच मारतात असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

तनुजा दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात पोचली. नागम्मा कोपऱ्यातल्या खाटेवर लेकराला घेऊन बसली होती. शेजारच्या खाटांवरच्या बायांनी आपापली स्टुलं लांब सरकवून घेतली होती. मोठ्या घरच्या लेकराच्या अंगावर निळं दिसलं की आधी रक्ताचा रिपोर्ट बघतात. गरिबाच्या लेकराचं दिसलं की आधी आईचा हात बघतात. इथं हात बघून झाल्यावर रिपोर्ट काढले होते. रक्त चांगलं होतं, गोठायचं तेव्हा गोठत होतं. फुटत होत्या त्या शिराच, कातडीच्या आत, कुणी हात न लावता. पण तसं कुठल्या पुस्तकात नाही म्हणून कागदावर पहिलंच लिहिलेलं कायम होतं: मारहाणीचा संशय.

नागम्मानं पोराला पालथं केलं. पाठीवर तीन रेघा होत्या. सरळ, शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. त्यांच्या खाली जुन्या, पिवळ्या पडत चाललेल्या. त्याच्याही खाली आणखी जुन्या.

दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं अक्षर दिसावं तसं तनुजाला झालं. ते अंतर तिच्या बोटांना पाठ होतं.

"मी मारले न्हाई, बाई," नागम्मा म्हणाली. तिच्या आवाजात रडणं उरलं नव्हतं. "सकाळी आंगूळ घालताव तवा पाठीवर नवं काय नसतंय. पाजायला घेतलं की माज्या हाताखाली उमटतंय. मला कळतंय की, हाताखाली कायतरी फुटून राहिलंय."

तनुजा लातूरला परतली आणि तिनं थाळीला हात लावला नाही. रोज प्रेमलाला फोन करून विचारत राहिली. नवा वळ नाही. पुढच्या दिवशीही नाही. जुने उतरायला लागले, आणि पोरगं चांगलं पिऊन राहिलंय असंही प्रेमलानं सांगितलं.

इथं ती थांबू शकली असती. पण तिला शिकवलं होतं की एखादी गोष्ट घडली नाही हा पुरावा होत नाही. तिनं नळीचं टोक घेतलं आणि थाळीत रेघ नव्हे, एक अर्धा गोल काढला आणि त्याला शेपूट काढलं. कुठल्याही मारानं उठणार नाही असा आकार. मग प्रेमलाला फोन लावला आणि पोराची पाठ बघायला सांगितली.

आधी फोनमधून पोराचं किंचाळणं ऐकू आलं. मग प्रेमला बोलली, अगदी हळू.

"कोयत्यागत आकार हाय, तनू. तुला कसं कळालं?"

तनुजानं मायक्रोस्कोपात पाहिलं. थाळीतला अर्धा गोल भरून गेला होता.

तिची बाजू घेणारे पुष्कळ निघतील. खात्री करून घेणं हे शास्त्रज्ञाचं कामच म्हणतील. असेल. तिची खात्री झाली ती एका तान्ह्या पोराच्या कातडीवर, आणि ती करताना तिचा हात थरथरला नव्हता.

त्याच दिवशी ती डॉ. रेणुकादासांपुढं उभी राहिली आणि नाळेच्या अदलाबदलीसकट सगळं बोलली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं की बाळाच्या रक्तवाहिन्यांत जन्मजात दोष असणार, म्हणूनच त्याच्या नाळेतल्या पेशी विलक्षण आहेत, या दोन गोष्टींत भुताटकी शोधायचं कारण नाही. उलट बाळाच्या रक्ताचा नमुना मिळाला तर फार बरं. सोमवारी बाहेरून पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर नवं यंत्र सगळ्या थाळ्यांवर एकदम ओरखडे ओढणार होतं. तयारी तिनंच करायची होती.

"आणि पोरगं मेलं तर, सर?"

"तनुजा," ते म्हणाले, "हे तुझ्या गावात बोल. इथे नको."

नेमकं तेच तिनं केलं.

रविवारी दुपारी केंद्रात चिटपाखरू नव्हतं. नको असलेल्या पेशींवर ब्लीच ओतून त्या मारायच्या असतात. बाटली तिच्या हातात होती, बूचही काढलं होतं. मग तिला सुचलं की ओरखड्याला जर तिकडं शीर फुटते, तर हे सगळं एकदम मेल्यावर तिकडं काय होईल? याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं, कुणाकडंच नव्हतं. ठेवता येईना आणि मारता येईना. मग परत करणं उरलं. ज्याचं आहे त्याच्या अंगणात, आधीच जिथं जायला पाहिजे होतं तिथं. तिनं सगळ्या थाळ्यांतल्या, गोठवलेल्या कुप्यांतल्या पेशी एका बाटलीत उतरवल्या, बाटली ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधली आणि उदगीरच्या एसटीत बसली.

पोटाशी बाटली कोमट होती. थोड्या वेळानं तिला वाटलं की बाटलीत ठोके पडतायत. खडखडती एसटी, खड्ड्यांचा रस्ता, इंजिनाचे दणके असतील, असं तिनं मनाला समजावलं. उदगीरच्या स्टँडावर ड्रायव्हरनं गाडी बंद केली. शेंगदाणेवाला चढला, उतरला. बाटलीतले ठोके चालूच होते, तिच्या स्वतःच्या ठोक्यांपेक्षा भरभर, लेकराचे पडतात तसे.

पोलीस जबाबाला येणार हे कळल्यावर नागम्माचा नवरा गुरुपादप्पा पोराला घेऊन दवाखान्यातून न सांगताच घरी आला होता. प्रेमलाकडून तनुजाला ते कळलं होतं. देगलूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावी ती उन्हं कलायच्या आत पोचली. गुरम्मानं तिला ओळखलं, पाणी दिलं, त्या दवाखान्यात ह्या एकट्या पोरीनंच आपलं ऐकलं होतं असं सुनेला सांगितलं. ते ऐकून तनुजानं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. मग तिनं सांगायला सुरुवात केली. काही झाकलं नाही, अर्ध्या गोलाचंसुद्धा.

गुरुपादप्पा उठून तिच्या अंगावर आला आणि तिच्यापासून हातभर लांब थांबला. नागम्मा पोराला छातीशी धरून मागं मागं सरकत भिंतीला टेकली. म्हातारी तेवढी जागची हलली नाही.

"मंग मी इतके दिवस पाणी घातलं ते कुनाला?" तिनं विचारलं.

नाळ न्हाणीच्या मागं, भिंतीला लागून पुरली होती. वर दगड होता. सत्यमच्या आंघोळीचं पाणी रोज त्या जागेवर जात होतं. दुसऱ्याची नाळ आधी बाहेर काढायची, मग पोराची आपली तिथं पुरायची, असं ठरलं. गुरुपादप्पानं दगड सरकवला आणि खुरप्यानं माती ओढायला लागला.

माती ऊबदार होती. वीतभर खाली मडकं लागलं आणि खुरपं थांबलं. मडक्याच्या भाजलेल्या अंगातून केसाएवढे लाल धागे बाहेर आले होते. आत नाळ सत्यमच्या वारेला जुळली होती, सडली नव्हती, वाळली नव्हती. ओली होती, ताजी होती. धागे मातीत फुटत फुटत गेले होते, एकमेकांना धरून त्यांचं जाळं झालं होतं. तनुजानं असं जाळं आयुष्यभर काचेखाली पाहिलं होतं. इथं ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं. ते भिंतीच्या पायाखाली शिरलं होतं, घरात, जिकडं पाळणा होता तिकडं.

गुरुपादप्पानं खुरपं उगारलं. तनुजानं त्याचं मनगट धरेपर्यंत पातं एका धाग्याला लागलं. धाग्यावर रक्ताचा थेंब आला. घरात सत्यम कळवळून ओरडला. नागम्मा त्याला घेऊन बाहेर धावली. त्याच्या टाचेवर तसाच एक थेंब होता. सगळे बघत असताना मातीतला धागा सांधला, आणि टाचेवरचा थेंब पुसला तर खाली जखम नव्हती.

तेव्हा तनुजाला उमजलं. काचेतलं ह्या पोराकडून ओढत होतं, आणि हे मेलेल्या लेकराचं, ज्याची ओळखपाळख नाही ते, खालून त्याला सांधत होतं. इतके दिवस पोरगं जगलं ते दवाखान्याच्या औषधानं नव्हे. तिनं ते तिघांना जमेल तसं सांगितलं. पुढं काय होईल हे आपल्याला ठाऊक नाही, हेही सांगितलं.

मग नागम्मानं पोराला सासूकडं दिलं, तनुजाच्या पोटाची गाठ स्वतः सोडली, बाटली काढली आणि मडक्यात ओतली. पाणी मातीत मुरलं नाही. ते जागेवर थांबलं, आणि सगळीकडचे धागे हळूहळू त्याच्याकडं वळले, गवत वाऱ्यानं वळतं तसे. वारा नव्हता. गुरुपादप्पानं दोन्ही हातांनी माती लोटली आणि दगड बसवला.

सत्यमच्या पाठीवरचा शेवटचा वळ दिवेलागणीच्या आत उतरला.

सोमवारी केंद्रातून फोन येत राहिले. तनुजानं एकही उचलला नाही. पोरगं खेळत होतं, पीत होतं. गुरुपादप्पाला उमेद आली. पोराची साफ पाठ नांदेडच्या डॉक्टरांना दाखवावी, मारहाणीचा डाग पुसून टाकावा, म्हणून त्यानं नागम्माला आणि पोराला मोटरसायकलवर बसवलं. वेशीपर्यंत गेले. तिथं पोराच्या पायाची बोटं निळी पडली, बघता बघता निळं गुडघ्यापर्यंत चढलं. गाडी वळवली. घर जवळ आलं तसं निळं उतरत गेलं, आणि अंगणात शिरले तेव्हा पोराचे पाय पहिल्यासारखे होते. पुन्हा करून बघायचं धाडस कुणी केलं नाही. तनुजानंही नाही. एका वेळच्या पुराव्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

त्यानंतर दोनच दिवसांत अंगणात जीप आली. जिल्ह्याहून दोन बाया आणि एक हवालदार. दवाखान्याचा कागद त्यांच्याकडं होता: वळ, संशय, न सांगता पळ. चौकशी होईपर्यंत मूल आईबापाजवळ ठेवता येणार नाही, नांदेडच्या संस्थेत ठेवावं लागेल, असं त्यातल्या मोठीनं सांगितलं. ती काही वाईट बाई नव्हती. तिनं पोरासाठी बरोबर दुधाची बाटलीसुद्धा आणली होती.

नागम्मा पोराला घेऊन न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गुरम्मा कानडीत आणि मराठीत एकदम बोलायला लागली: वेस, निळं, नाळ, माती. त्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. हवालदार कंटाळून म्हणाला, म्हातारे, हे सगळं साहेबाला सांग. बाई पुढं झाली आणि तिनं पोराकडं हात केले.

तनुजा ओसरीवर उभी होती. खरं सांगितलं तर कुणी मानणार नव्हतं, आणि न मानता पोराला वेशीबाहेर नेलं असतं. मानतील असं एकच खरं तिच्याकडं होतं.

"त्या रेघा मी ओढल्यात," ती म्हणाली.

बाईचे हात थांबले. तुम्ही कोण, असं तिनं विचारलं. तनुजानं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, कुठं काम करते ते सांगितलं. आईबापानं पोराला बोटही लावलं नाही, त्यांना काही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. हवालदारानं खिशातून पेन काढलं.

"कशानं ओढल्या?"

"नळीच्या टोकानं."

"कशासाठी?"

"किती वेळात भरतात ते बघायला."

हवालदार लिहायचं सोडून तिच्याकडं बघत राहिला. मग नागम्माकडं वळून त्यानं विचारलं, ही बाई म्हणते ते खरं का?

नागम्मानं तनुजाकडं पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि आभारही नव्हते.

"हाव," ती म्हणाली. "हिनंच."

कागद बदलला. मूल आईजवळ राहील, रोज कुणीतरी येऊन बघून जाईल, असं ठरलं. तनुजा जीपमध्ये मागं बसली. गुरम्मा दारापर्यंतसुद्धा आली नाही. जीप गल्लीतून निघाली तेव्हा समोर बसलेल्या हवालदारानं मान वळवली.

"तान्हं पोरगं हो, बाई. काय बिघडवलं होतं त्यानं तुमचं?"

वेस जवळ आली तशी तनुजानं काच खाली केली आणि आपण गाव सोडताना पोराला काही होतं का म्हणून कान मागं लावून बसली. वेस गेली. शेवटचं घर गेलं. गावाकडून कुणाचं रडणं ऐकू आलं नाही. तिनं काच वर केली, आणि मग हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण आता ते थरथरायला लागले होते.